कॅमेऱ्याची बांधिलकी

आजच्या कोणत्याही मोर्चात झेंड्यांच्या बरोबरीने मोबाईल उंचावलेले दिसतात. मोर्चा विसर्जित होण्यापूर्वीच त्याची शेकडो छायाचित्रे गावोगाव पोचलेली असतात. परंतु आठवड्यानंतर एखाद्या संपादकाने वा तालुका कार्यालयातील चिटणीसाने त्यांतून छापण्याजोगे एक चित्र निवडायचे ठरवले, तर त्याच्या हाती बहुधा व्यासपीठ, हारतुरे आणि ध्वनिक्षेपकापुढील पुढारी एवढेच लागते. ज्या मागणीसाठी माणसे मजुरी बुडवून आली, ती मागणी त्या चित्रांत कोठेच नसते. चित्रे वाढली आणि पाहणे आटले, असा हा विपरीत प्रकार आहे.

चळवळीसाठी छायाचित्रण करणाऱ्या तरुणांना याची टोचणी नसते असे नाही. पाच-सात वर्षे सभा आणि धरणी टिपल्यावर हात यंत्रवत चालू लागतो. तीच घोषणा देणारी तीच उघडी मूठ, तोच सुरकुतलेला चेहरा, तीच कडेवर मूल घेतलेली बाई. काही काळाने काढणाऱ्यालाच आपल्या चित्राचा कंटाळा येतो. मग कोणी लग्नसमारंभांकडे वळतो, कोणी जाहिरातींकडे, तर कोणी कॅमेरा कपाटात ठेवून देतो. 'आता काही सुचत नाही' एवढेच स्पष्टीकरण त्याच्यापाशी असते.

अशा वेळी कलाव्यवहारात जे सल्ले मिळतात ते ठरलेले आहेत: नवे भिंग घ्यावे, प्रवास करावा, थोडी विश्रांती घ्यावी. हे सल्ले निरुपद्रवी आहेत, परंतु त्यांच्या मुळाशी एक समजूत दडलेली आहे. सृजनशीलता हा व्यक्तीच्या आत साठवलेला खासगी ठेवा असून तो संपला की बाहेरून भरून घ्यावा लागतो, अशी ती समजूत होय. मराठी साहित्यविश्वात १९७० च्या दशकात बांधिलकीचा वाद रंगला, तेव्हाही एका पक्षाने हाच ठेवा जपण्यासाठी बांधिलकी नको असे म्हटले आणि दुसऱ्याने बांधिलकी पत्करली की बाकीचे आपोआप येते असे मानले. छायाचित्रणाचा इतिहास तपासला तर दोन्ही उत्तरे अपुरी ठरतात.

अमेरिकेतील लुईस हाइन यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. हाइन हे मूळचे शिक्षक. न्यूयॉर्कमधील शाळेत शिकवीत असताना १९०४ पासून त्यांनी एलिस बेटावर उतरणाऱ्या स्थलांतरितांची छायाचित्रे काढण्यास आरंभ केला. १९०८ साली शिक्षकी सोडून ते राष्ट्रीय बालकामगार समितीचे छायाचित्रकार झाले आणि पुढील सुमारे दहा वर्षांत त्यांनी पाच हजारांहून अधिक छायाचित्रे काढली. कॅरोलायनातील सूतगिरण्या, पेनसिल्व्हेनियातील कोळशाच्या खाणी, काचेचे कारखाने, मासळी डबाबंद करणाऱ्या शेड, रस्त्यावर वर्तमानपत्रे विकणारी पोरे, हे त्यांचे विषय होते. मालक दारात उभे करीत नसत, म्हणून कधी विमा प्रतिनिधी, कधी बायबल विकणारा अशी बतावणी करून ते आत शिरत. मुलाचे वय कोणी खरे सांगत नसे, म्हणून आपल्या कोटाच्या गुंड्यांशी त्याची उंची ताडून ते अंदाज बांधीत आणि खिशातल्या वहीत नाव, वय, कामाचे तास, मजुरी टिपून ठेवीत.

या तपशिलांत हाइन यांच्या सृजनशीलतेचे मर्म आहे. चित्र न्यायासनापुढे आणि विधिमंडळापुढे टिकले पाहिजे, हे त्यांचे प्रयोजन होते, आणि त्या प्रयोजनातूनच त्यांची शैली घडली. मूल यंत्राशेजारी उभे केले की यंत्राच्या मानाने ते किती लहान आहे हे निराळे सांगावे लागत नाही. कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर आणला की त्याची कीव करण्याऐवजी पाहणाऱ्याला त्याच्याशी नजर भिडवावी लागते. छायाचित्र खोटे बोलत नसले तरी खोटारडे लोक छायाचित्रे काढू शकतात, असा इशारा हाइन यांनी १९०९ मध्येच दिला होता. त्यांची टिपणवही ही त्यावरची त्यांची तोड होती. म्हणजे काय टिपायचे, कोठे उभे राहायचे आणि चित्राखाली काय लिहायचे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्यांना आपल्या कार्यातून मिळत गेली. सुचण्याची वाट पाहत बसावे लागले नाही.

अर्थात फळ तत्काळ मिळाले असे नाही. बालकामगारांच्या श्रमातून तयार झालेल्या मालाच्या आंतरराज्य व्यापारावर बंदी घालणारा कायदा १९१६ मध्ये झाला, तो १९१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला. टिकाऊ स्वरूपाचा केंद्रीय कायदा होण्यास १९३८ साल उजाडले. पहिल्या छायाचित्रापासून तीस वर्षे गेली. ज्याला आपले चित्र आठवड्यात परिणाम घडवील असे वाटते, त्याने हा हिशेब मनाशी बाळगावा.

भारतात याच तोलाचे नाव सुनील जाना यांचे आहे. १९१८ साली आसामात दिब्रूगढ येथे जन्मलेले आणि कलकत्त्यात वाढलेले जाना इंग्रजी साहित्याचे विद्यार्थी होते. छायाचित्रण हा छंद होता. १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळाने थैमान घातले तेव्हा कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस पूरणचंद जोशी यांनी त्यांना अभ्यास बाजूला ठेवून आपल्याबरोबर दुष्काळी भागात येण्यास प्रवृत्त केले. जोशी लिहीत आणि जाना टिपत. चित्तप्रसाद हे चित्रकार मेदिनीपूर जिल्ह्यात हिंडून रेखाचित्रे काढीत होते. पक्षाच्या 'पीपल्स वॉर' या मुंबईहून निघणाऱ्या साप्ताहिकात ही छायाचित्रे प्रसिद्ध झाली. त्याच्या मराठी भावंडाचे, 'लोकयुद्ध'चे, नाव महाराष्ट्रातील जुन्या कार्यकर्त्यांना परिचित आहे.

हे कार्य सोपे नव्हते. युद्धकाळातील प्रसिद्धिनियंत्रण कडक होते. दुष्काळ हा शब्दच सरकारला नको होता. कलकत्त्याच्या 'स्टेट्समन'ने २२ ऑगस्ट १९४३ रोजी भूकबळींची छायाचित्रे छापली, तेव्हा कोठे या विषयाला वाचा फुटली. चित्तप्रसाद यांच्या 'हंग्री बेंगॉल' या पुस्तिकेच्या प्रती सरकारने जप्त करून जाळल्या. सरकारी चौकशी आयोगानेच मृतांचा आकडा सुमारे १५ लाख धरला. नंतरच्या अभ्यासकांनी तो ३० लाखांच्या आसपास नेला. एवढ्या माणसांचे मरण नाकारले जात असताना ते नाकारता येऊ नये अशी व्यवस्था करणे, हे जाना यांच्या कॅमेऱ्याचे प्रयोजन होते. त्यांच्या छायाचित्रांची पोस्टकार्डे परदेशांतही गेली आणि मदतनिधी उभारण्यास त्यांचा उपयोग झाला.

परंतु मरणाऱ्या माणसासमोर कॅमेरा धरायचा की त्याला पाणी द्यायचे? हा प्रश्न जाना यांना छळत राहिला आणि पुढे उतारवयातील मुलाखतींतूनही त्यांनी तो लपवला नाही. जे घडत होते त्याची नोंद राहणे आवश्यक होते, असे त्यांचे उत्तर होते. त्या उत्तराने मनाचे समाधान झाले असे मात्र त्यांनी कधी भासवले नाही. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. चित्र काढून ते मदतकेंद्र चालवणाऱ्या संघटनेच्या हाती सोपवणे आणि चित्र काढून ते स्पर्धेत पाठवणे, या दोन कृतींत बटण दाबण्याची क्रिया एकच असली तरी त्यांचा अर्थ एक नाही. पहिल्या कृतीत छायाचित्रकार ऋण घेतो आणि ते फेडण्याची वाट त्याच्यापुढे असते. दुसरीत तो घेतो आणि निघून जातो. ज्याच्या मनाला हा भेद बोचत नाही, त्याची नजर हळूहळू बोथट होते. आणि बोथट नजरेला नवे काही दिसत नाही. सृजनशीलता आटण्याचे हे पहिले कारण होय.

दुसरे कारण चळवळीच्या घरातले आहे आणि म्हणूनच त्याची चर्चा कमी होते. १९४८ च्या कलकत्ता अधिवेशनात पक्षाचे धोरण पालटले. जोशी यांचे नेतृत्व गेले, बी. टी. रणदिवे सरचिटणीस झाले आणि पुढे जोशी यांना पक्षाबाहेर काढण्यात आले. जोशी यांच्या काळात मुंबईत सँडहर्स्ट रोडवरील पक्षकार्यालयाभोवती कलावंतांचे जे वर्तुळ जमले होते, ते विस्कटले. जाना दुरावले, चित्तप्रसादही दुरावले. धोरणाच्या बरे-वाईटपणाचा निवाडा येथे अप्रस्तुत आहे. प्रश्न असा की, देशातील भूक, संप आणि शेतकऱ्यांचे लढे ज्याने अतुलनीय सामर्थ्याने टिपले, त्या माणसाला संघटनेत जागा उरू नये, यात हानी कोणाची झाली? ठरावाची भाषा एका रात्रीत बदलता येते. नजर तशी बदलता येत नाही, कारण ती वर्षानुवर्षे माणसांत वावरून कमावलेली असते. छायाचित्रकाराला ठरावाचे सचित्र भाषांतर करणारा कारागीर समजणारी संघटना अखेरीस चांगल्या भाषांतरालाही मुकते.

जाना यांनी यापुढे काय केले, हे अधिक बोधप्रद आहे. त्यांनी कलकत्त्यात स्टुडिओ थाटला, उपजीविकेसाठी कारखाने आणि प्रकल्प यांची कामे घेतली, नर्तक-नर्तिकांची छायाचित्रे काढली आणि व्हेरियर एल्विन यांच्या सहवासात आदिवासी समाजांचे विस्तृत चित्रण केले. १९४९ साली निघालेल्या 'द सेकंड क्रीचर' या त्यांच्या पुस्तकाचे संकल्पन सत्यजित राय यांचे होते. 'द ट्रायबल्स ऑफ इंडिया' हे पुस्तक १९९३ मध्ये आले. पक्ष सुटला, पण श्रमणाऱ्या माणसाकडे आदराने पाहण्याची सवय सुटली नाही. कोळसा वाहणारी स्त्री असो, पोलादाच्या भट्टीपुढील कामगार असो वा आदिवासी तरुणी, खालच्या कोनातून, आकाशाच्या पार्श्वभूमीवर ताठ उभा केलेला त्यांचा माणूस कोणाचीही दया मागत नाही. बांधिलकी ओळखपत्रावर अवलंबून नसते, याचा हा पुरावा आहे. उलट तेवढाच खरा दुसरा पुरावा चित्तप्रसाद यांचा आहे: पक्षापासून दूर, मुंबईत अंधेरीला, हलाखीत राहून त्यांनी श्रमणाऱ्या मुलांवर लिनोकटांची मालिका कोरली.

तथापि उपजीविकेचा प्रश्न एवढ्याने सुटत नाही. ज्याच्या पैशाने छायाचित्रकार प्रवास करतो, तो बहुधा दारे कोणती उघडायची हेही ठरवतो. धरण बांधणाऱ्याच्या गाडीतून गेलेल्याला भिंतीवर काम करणारे मजूर दिसतील. पाण्याखाली जाणारे गाव पाहायला मात्र त्याला स्वतःच्या पायांनी जावे लागेल. हाइन यांनी १९३०-३१ साली एम्पायर स्टेट इमारतीचे बांधकाम टिपले, ते बांधणाऱ्यांनी नेमल्यामुळेच. तेथेही त्यांनी शेकडो फूट उंचीवर तुळया जोडणाऱ्या कामगारांवरच नजर खिळवली, आणि १९३२ च्या 'मेन ॲट वर्क' या पुस्तकात त्यांनाच मानाचे स्थान दिले. जे बदलले पाहिजे तेवढेच दाखवून भागत नाही, ज्याचा गौरव झाला पाहिजे तेही दाखवावे लागते, अशी त्यांची धारणा होती. चळवळीतील छायाचित्रकारांनी ही धारणा गांभीर्याने घ्यावी. केवळ हाल टिपत राहणाऱ्याचे कष्टकरी हळूहळू एकमेकांसारखे दिसू लागतात. त्यांचे कौशल्य, त्यांचा विनोद, त्यांची भांडणे आणि त्यांची सभा चालवण्याची हातोटी कॅमेऱ्याबाहेर राहते. हालांचे ठरीव चित्र हे पुढाऱ्याच्या ठरीव चित्राइतकेच निर्जीव असते.

हाइन यांचा शेवट मात्र विसरण्याजोगा नाही. अखेरच्या वर्षांत त्यांना काम मिळेना, राहते घर गेले, आणि १९४० साली विपन्नावस्थेत त्यांचा मृत्यू झाला. त्यांची छायाचित्रे देऊ केली असता न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने ती नाकारली. ती सांभाळली 'फोटो लीग' या डाव्या विचारांच्या छायाचित्रकारांच्या संघटनेने. जाना यांच्या कार्याची नव्या पिढीला पुन्हा ओळख झाली ती १९९८ साली छायाचित्रकार राम रहमान यांनी न्यूयॉर्कमध्ये भरवलेल्या प्रदर्शनामुळे. जाना २०१२ मध्ये अमेरिकेत वारले. त्यांचे 'फोटोग्राफिंग इंडिया' हे पुस्तक त्यानंतर, २०१३ मध्ये निघाले. म्हणजे आपल्या कलावंतांची आठवण ठेवण्याचे काम ज्या ज्या वेळी झाले, ते समानधर्मी कलावंतांनीच केले. ज्या चळवळींनी त्यांची चित्रे वापरली, त्यांच्या दप्तरात बहुधा त्यांची नोंदही नाही.

महाराष्ट्रातही या परंपरेचा धागा तुटलेला नाही. सुधारक ओलवे या वृत्तपत्र छायाचित्रकाराने मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे जे दीर्घ चित्रण केले, ते रोजच्या बातमीच्या गरजेपलीकडचे होते. त्यांत गटारात उतरलेला माणूस आहे, त्याचे घर आहे, त्याचे कुटुंब आहे. ही माणसे प्रामुख्याने दलित समाजातील आहेत आणि शहराची घाण त्यांच्याच वाट्याला का येते, हा प्रश्न ते चित्रण पाहणाऱ्याच्या गळी उतरवते. २०१६ मध्ये ओलवे यांना पद्मश्री मिळाली. गटारात माणसे मरणे त्यामुळे थांबले नाही. परंतु 'हे ठाऊक नव्हते' असे म्हणण्याची सोय शहराला उरली नाही. वृत्तपत्रातील धावपळीत राहूनही एका विषयाशी वर्षानुवर्षे निष्ठा ठेवता येते, आणि त्या निष्ठेतच नजर ताजी राहते, हा या कार्याचा धडा आहे. नित्य नवा विषय शोधणाऱ्याला नावीन्य लाभते असे नाही. त्याच वस्तीत दहाव्यांदा गेलेल्याला मात्र पहिल्या नऊ खेपांत न दिसलेले काही दिसते, कारण तेव्हा माणसे त्याच्यासाठी उभी राहणे थांबवून आपल्या कामाला लागलेली असतात.

यातून कार्यकर्त्यांसाठी काही रोकडी कर्तव्ये निघतात. पहिले कर्तव्य नोंदीचे आहे. तारीख, ठिकाण, प्रसंग आणि काढणाऱ्याचे नाव यांवाचून चित्र कार्यालयात स्वीकारू नये. मोबाईलमधील चित्रे मोबाईलबरोबर हरवतात, म्हणून निवडक चित्रे वेळीच वेगळी जतन करावीत. दुसरे कर्तव्य संमतीचे. ज्याचे चित्र काढायचे त्याला ते कशासाठी हे सांगावे आणि छापल्यावर एक प्रत त्याच्या हाती द्यावी. तिसरे कर्तव्य सावधपणाचे. १८७१ च्या पॅरिस कम्यूनमध्ये बंडखोरांनी मोर्च्यांवर अभिमानाने उभे राहून छायाचित्रे काढवून घेतली आणि कम्यून चिरडल्यावर तीच चित्रे पोलिसांना माणसे ओळखण्यास उपयोगी पडली. आज चेहरा ओळखणारी यंत्रे सरकारच्या दिमतीला असताना प्रत्येक चेहरा प्रसिद्ध करण्याचा उत्साह आवरला पाहिजे.

चौथे कर्तव्य सर्वांत अवघड आहे, कारण ते स्वभावाला मुरड घालण्याचे आहे. छायाचित्रकाराला 'साहेबांचा एक घ्या' असे फर्मावण्याची सवय संघटनेने सोडली पाहिजे. त्याला मोर्च्याच्या दिवशी बोलवायचे आणि उरलेले वर्ष विसरायचे, हे थांबले पाहिजे. ज्या वस्तीत, ज्या कारखान्याच्या दारात, ज्या पाड्यावर काम चालू आहे, तेथे त्याला सहा महिने जाऊ द्यावे, चर्चेत बसू द्यावे आणि त्याच्या चित्रात संघटनेची उणीव दिसली तर ते चित्रही छापावे. बैठकीला स्त्रिया आल्या पण मागे बसवल्या गेल्या, हे जर त्याच्या चौकटीत उमटले असेल, तर तो दोष कॅमेऱ्याचा नव्हे.

छायाचित्रकाराच्या बाजूनेही काही देणे आहे. प्रयोजन संघटनेकडून आयते मिळेल ही अपेक्षा त्याने ठेवू नये, आणि संघटनेने निराश केले म्हणून माणसांकडे पाठ फिरवू नये. जाना यांचे आयुष्य या दोन्ही टोकांच्या मधली वाट दाखवते. सृजनशीलता ही माणसांशी असलेल्या नात्याची मिळकत आहे. नाते जितके जुने आणि जितके प्रामाणिक, तितकी ती टिकते. ते नाते जोडणे छायाचित्रकाराच्या हाती आहे, आणि ते तोडले जाऊ न देणे संघटनेच्या हाती. पुढच्या अंकापासून प्रत्येक चित्राखाली ते काढणाऱ्याचे नाव छापणे, एवढ्यापासून आरंभ केला तरी पुष्कळ झाले. त्याला ना ठरावाची गरज आहे, ना निधीची.